अंगठा कुठे ठेवायचा? इंडी ॲक्शन गेममधल्या सेटिंग्जचा आढावा

‘कपहेड’मध्ये गोळीबाराचे बटण जवळजवळ सतत दाबून धरावे लागते. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर हे बटण म्हणजे एक्स, उजवीकडच्या चौकडीतले डाव्या बाजूचे. उडी ए वर, चौकडीच्या तळाशी. आणि अंगावर येणाऱ्या माऱ्यातून निसटायची झेप, म्हणजे डॅश, वाय वर, सगळ्यात वर. तिन्ही कामे एकाच अंगठ्याच्या वाट्याला आली आहेत. अंगठ्याच्या टोकाने एक्स दाबून ठेवायचा आणि खालच्या पेराने ए दाबायचा, हे जुन्या मारिओपासून हातांना सवयीचे आहे. पण एक्स न सोडता वाय गाठायचा तर अंगठा वेडावाकडा करावा लागतो, नाहीतर तेवढ्यापुरता गोळीबार थांबतो. त्या वेळी उजव्या हाताची तर्जनी ट्रिगरवर रिकामी बसलेली असते. म्हणून अनुभवी खेळाडू सुरुवातीलाच सेटिंग्जमध्ये जाऊन डॅश ट्रिगरवर नेतात, आणि तोच बॉस, म्हणजे लढतीतला मोठा शत्रू, तेवढाच चिवट राहूनही वेगळा वाटू लागतो. गेममधले काहीही सोपे झालेले नसते. बॉसचे आयुष्य तेवढेच, त्याचे वार तेवढेच. नाहीशी झालेली असते ती फक्त अंगठ्याची कुचंबणा.

सप्टेंबर 2017 मध्ये आलेला हा गेम कॅनडातल्या मोल्डनहॉअर बंधूंच्या छोट्या स्टुडिओचा. 1930 च्या दशकातल्या कार्टूनपटांसारखी प्रत्येक चौकट हाताने रेखाटण्यात त्यांनी वर्षे घातली. अशा लोकांनी बटणे बदलण्याची सोय ठेवली, हे फार महत्त्वाचे आहे. इंडी स्टुडिओ म्हणजे कधी एकटा माणूस, कधी तिघे, कधी पंधरा-वीस जण. तिथे इंटरफेसचा वेगळा विभाग नसतो, चाचणीसाठी मजला भरून माणसे नसतात. तरीही खेळाडूला आपल्या हाताप्रमाणे, डोळ्याप्रमाणे गेम जुळवून घेऊ देण्याच्या बाबतीत गेल्या आठ-दहा वर्षांतल्या कितीतरी चांगल्या कल्पना याच छोट्या मंडळींकडून आल्या आहेत. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. गेमने घातलेले कोडे किती अवघड असावे, हा गेम करणाऱ्याचा अधिकार आहे. ते कोणत्या बोटाने सोडवायचे, किती मोठ्या अक्षरांत वाचायचे, पडदा किती हलू द्यायचा, हा खेळणाऱ्याचा. या दोन अधिकारांमधली सीमा काही ठिकाणी लख्ख दिसते, काही ठिकाणी पुसट होते, आणि खरा विचार तिथेच करावा लागतो.

कळा आपल्या सोयीने लावून घेण्याची रीत जुनी आहे. इड सॉफ्टवेअरचा ‘क्वेक’ 1996 मध्ये आला तेव्हा चालण्यासाठी मूळ मांडणीत बाणांच्या कळा होत्या. पण गेमबरोबर साध्या मजकुराची एक कॉन्फिग फाइल असे. ती उघडायची आणि ‘बाइंड’ ही आज्ञा लिहून कोणत्याही कळीला कोणतेही काम द्यायचे. ‘थ्रेश’ या नावाने खेळणाऱ्या डेनिस फाँगने 1997 च्या ‘क्वेक’ स्पर्धेत इड सॉफ्टवेअरच्या जॉन कारमॅकची फेरारी जिंकली, तेव्हा त्याचा डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी या कळांवर होता आणि उजवा माऊसवर. ही मांडणी शोधणारा तो एकटा नव्हे, पण त्याच्या विजयानंतर ती वाऱ्यासारखी पसरली, आणि 1998 च्या ‘हाफ-लाइफ’ने ती मूळ मांडणी म्हणूनच दिली. आज संगणकावरचा जवळपास प्रत्येक ॲक्शन गेम जी मांडणी गृहीत धरतो ती खेळाडूंनी सेटिंग्ज बदलूनच घडवलेली आहे. कॉन्फिग फाइल कुलूपबंद असती तर ती घडली नसती.

कन्सोलवर मात्र परिस्थिती दीर्घकाळ वेगळी होती. तिथे बटण म्हणजे कारखान्यातून ठरून आलेली गोष्ट. फार तर तीन-चार तयार मांडण्या मिळत, त्यांतली एक निवडायची. प्लेस्टेशन 4 च्या मूळ प्रणालीतच बटणे बदलण्याची सोय 2015 मध्ये आली, निन्टेन्डो स्विचवर ती एप्रिल 2020 मध्ये आली. त्यामुळे काही स्टुडिओंना वाटू लागले की आता हे काम आपले राहिले नाही. हा गैरसमज आहे. प्रणालीच्या पातळीवर केलेला बदल सगळीकडे लागू होतो, गेममध्ये आणि मेनूतही. शिवाय गेमला त्याचा पत्ताच नसतो. पडद्यावर ‘एक्स दाबा’ असे येते आणि तुम्ही एक्सचे काम भलत्याच बटणाला दिलेले असते. घाईच्या लढाईत डोक्यात असे भाषांतर करत बसायला वेळ नसतो.

मग गेमच्या आतून हे नीट करायचे म्हणजे काय करायचे? मूळ तत्त्व साधे आहे. प्रोग्रॅममध्ये ‘झेड दाबली तर उडी’ असे लिहायचे नाही. ‘उडी’ नावाची एक क्रिया करायची, आणि त्या क्रियेला कोणती कळ जोडली आहे हे एका वेगळ्या तक्त्यात ठेवायचे. खेळाडूने बदलायचा तो हा तक्ता. गोडॉ इंजिनमध्ये ‘इनपुट मॅप’ नावाने ही रचना सुरुवातीपासून हाताशी असते. युनिटीची नवी इनपुट प्रणाली 2020 मध्ये पक्की झाली, आणि तिच्या आधीपासून ‘रीवायर्ड’सारखी विकत मिळणारी जोडणी छोट्या स्टुडिओंमध्ये सर्रास वापरात आहे. म्हणजे एकट्या माणसालाही हे अशक्य नाही. प्रश्न आहे तो केव्हा करायचे याचा. पहिल्या महिन्यात तक्ता केला तर काम थोडे. गेम संपत आल्यावर सुचले तर शंभर ठिकाणी विखुरलेल्या कळा शोधत बसावे लागते, दर ठिकाणी काहीतरी मोडते, आणि मग ‘वेळ मिळाला नाही’ असे उत्तर येते. सेटिंग्ज शेवटी करायचे काम मानले की ते कायम अर्धवट राहते.

तक्त्यापलीकडे बारीकसारीक गोष्टी बऱ्याच असतात, आणि गेम करणाऱ्याची आस्था त्यांतच दिसते. एकच कळ दोन कामांना लावली गेली तर गेम काय करतो? सांगतो, की गुपचूप जुनी जोडणी पुसून टाकतो? कीबोर्ड आणि कंट्रोलर यांची मांडणी वेगवेगळी साठवतो का? मेनूत ‘ठीक’ म्हणायची कळच चुकून काढून टाकली तर परत फिरायला वाट आहे का? पडद्यावरच्या सूचना नव्या बटणाचे चिन्ह दाखवतात का? चिन्हांचेही एक शास्त्र आहे. एक्सबॉक्सवर एक्स डावीकडे असतो, निन्टेन्डोवर तोच एक्स वर असतो, आणि प्लेस्टेशनवर अक्षरांऐवजी आकृत्या असतात. कंट्रोलर कोणता जोडला आहे हे न ओळखणारा गेम खेळाडूला पहिल्या पाच मिनिटांत चकवतो.

इथे मराठी टंकणाऱ्यांशी थेट संबंध असलेली एक गोष्ट आहे. कीबोर्डवरची कळ प्रोग्रॅमला दोन प्रकारे ओळखता येते, तिच्यातून उमटणाऱ्या अक्षरावरून किंवा कीबोर्डवरच्या तिच्या जागेवरून. अक्षरावरून ओळखणारे गेम फ्रान्समध्ये लगेच अडचणीत येतात, कारण तिथल्या कीबोर्डवर डब्ल्यू आणि ए वेगळ्या जागी असतात आणि त्याच बोटांखाली झेड, क्यू, एस, डी येतात. इन्स्क्रिप्ट चालू ठेवून मराठी लिहिणाऱ्या माणसाचीही तीच गत. इन्स्क्रिप्टमध्ये डब्ल्यूच्या जागी ऐकाराची मात्रा आहे, ए वर ओकाराची, एस वर एकाराची आणि डी वर हलन्त. पत्र लिहून झाल्यावर भाषा न बदलता गेम उघडला आणि नायक जागचा हललाच नाही, तर कीबोर्ड बिघडलेला नसतो. गेम अक्षराची वाट पाहत असतो आणि त्याला मात्रा मिळत असतात. जागेवरून कळ ओळखणाऱ्या गेमला हा प्रश्न येत नाही. बऱ्याच गेमच्या पायाशी असलेल्या एसडीएल या सॉफ्टवेअर लायब्ररीत दोन्ही पद्धती वेगवेगळ्या दिलेल्या आहेत. कोणती वापरायची ते करणाऱ्याने ठरवायचे.

कळ कोणती, याच्याइतकाच ती कशी दाबायची हाही प्रश्न आहे, आणि याच्याकडे कमी लक्ष गेले आहे. जानेवारी 2018 मध्ये आलेल्या ‘सेलेस्ट’मध्ये मॅडलिन ही मुलगी पर्वत चढते. भिंतीला धरून राहण्यासाठी एक बटण सतत दाबून ठेवावे लागते. तासन् तास असे दाबून धरल्यावर बोटांचे सांधे दुखतात, आणि ज्यांचे हात आधीच दुखरे आहेत त्यांना हा गेम सोडून द्यावा लागे. नंतरच्या एका आवृत्तीत गेमच्या कर्त्यांनी पकडीचे तीन प्रकार दिले: दाबून धरणे, एकदा दाबले की पकड आणि पुन्हा दाबले की सुटका, आणि उलटा प्रकार, ज्यात पकड आपोआप असते आणि बटण दाबल्यावर सुटते. पर्वत तेवढाच उंच राहिला. दाबून धरायचे बटण दिसेल तिथे हा पर्याय असायलाच हवा असे मला वाटते, कारण त्याचा गेमच्या अवघडपणाशी काहीही संबंध नसतो.

याच वाटेने अगदी पुढे गेलेला गेम म्हणजे लुका गलान्ते यांचा ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’, 2022 मध्ये पूर्ण झालेला. यात शस्त्रे आपोआप चालतात, खेळाडूने फक्त फिरायचे. एका हाताने, कंट्रोलरच्या एकाच दांडीने हजारो शत्रूंची गर्दी फोडता येते. तो गेम एका हाताच्या खेळाडूंसाठी म्हणून केलेला नव्हता, पण बटणे कमी केली की दारे किती रुंद उघडतात ते त्याने दाखवून दिले. 2015 च्या ‘क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर’ने आणखी वेगळी तोड काढली. तो गेम संगीताच्या ठेक्यावर चालतो आणि त्याला चार बाण पुरतात, नाचायच्या पॅडवरही तो खेळता येतो. ज्यांना ठेका पकडता येत नाही त्यांच्यासाठी ‘बार्ड’ नावाचे पात्र आहे. ते घेतले की ठेक्याची अटच उरत नाही. जी गोष्ट मेनूत लपली असती ती इथे पात्र होऊन समोर उभी राहते, आणि ती निवडताना कुणाला कमीपणा वाटत नाही.

सप्टेंबर 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने अपंग खेळाडूंसाठीचा एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर विक्रीला आणला. त्याच्या पाठीवर 3.5 मिलिमीटरची 19 छिद्रे आहेत. त्यांत पायाने दाबायचे, हनुवटीने ढकलायचे, कोपराने टेकायचे बटण जोडता येते. प्लेस्टेशनचा ॲक्सेस कंट्रोलर डिसेंबर 2023 मध्ये आला. ही यंत्रे आली म्हणून गेममधल्या सेटिंग्जची गरज संपली नाही, उलट वाढली. पायाचे बटण जोडता येते, पण गेमने तीन बटणे एकाच वेळी दाबायला सांगितले तर पायाने काय करायचे?

आता त्या पुसट सीमेकडे वळू. वेळ हा ॲक्शन गेमचा कच्चा माल आहे. सेकंदाला 60 चौकटी धरल्या तर एक चौकट सुमारे 16.7 मिलिसेकंदांची, आणि कित्येक गेममध्ये वार परतवायची संधी मोजक्याच चौकटींची असते. ‘सेलेस्ट’च्या कर्त्यांनी, मॅडी थॉरसन आणि नोएल बेरी यांनी, मॅडलिनच्या हालचालींचा प्रोग्रॅम नंतर सर्वांसाठी खुला केला. त्यात दिसते की कड्यावरून पाय सुटल्यानंतरही 0.1 सेकंदापर्यंत उडी मान्य केली जाते. जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी उडीचे बटण दाबले तरी ते लक्षात ठेवले जाते. छताच्या कोपऱ्याला डोके जरासे लागले तर गेम तिला हळूच बाजूला सरकवतो. हे सगळे प्रत्येक खेळाडूला मिळते, न विचारता. म्हणजे ज्याला आपण ‘निव्वळ कौशल्य’ म्हणतो त्यातही करणाऱ्याने आधीच हात दिलेला असतो. प्रश्न एवढाच उरतो की किती हात द्यायचा हे सगळ्यांसाठी एकदाच ठरवायचे, की ज्याचे त्याला ठरवू द्यायचे.

‘सेलेस्ट’च्या असिस्ट मोडमध्ये गेमचा वेग 10-10 टक्क्यांनी 50 टक्क्यांपर्यंत कमी करता येतो. दम अमर्याद करता येतो, हवेतल्या झेपा वाढवता येतात, अजिंक्यही होता येते. वेग निम्मा केला की ती 0.1 सेकंदाची सवलत 0.2 ची होते. ज्याचे स्नायू उशिरा प्रतिसाद देतात त्याला, इतरांना जे आव्हान मूळ वेगात मिळते, साधारण तेच निम्म्या वेगात मिळते. म्हणून वेगाची पट्टी ही मला या सगळ्या क्षेत्रातली सर्वांत प्रामाणिक सोय वाटते. ती कोडे बदलत नाही, घड्याळ बदलते.

या असिस्ट मोडची आणखी एक बाजू कमी लोकांना माहीत आहे. तो सुरू करताना समोर येणारा मजकूर सुरुवातीला असा होता की अवघडपणा हा या अनुभवाचा गाभा आहे आणि पहिल्यांदा तरी याशिवाय खेळून पाहा. ज्यांना याशिवाय खेळणे शक्यच नव्हते त्यांना हे टोचले. अपंगत्वाच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी ते बोलून दाखवले, आणि स्टुडिओने 2019 मध्ये तो मजकूर बदलला. सोय तीच राहिली, पण ती देताना कपाळावर आठी उरली नाही. सेटिंग्जमधले शब्दही इंटरफेसच असतात, आणि ते लिहायला प्रोग्रॅमरपेक्षा माणूसपण जास्त लागते.

सुपरजायंट गेम्सच्या ‘हेडीज’ने सप्टेंबर 2020 मध्ये दुसरा मार्ग दाखवला. त्याचा ‘गॉड मोड’ चालू केला की होणारी इजा 20 टक्क्यांनी घटते आणि प्रत्येक मरणागणिक आणखी 2 टक्के घटते, 80 टक्क्यांपर्यंत. म्हणजे 30 वेळा हरल्यावर ती मदत पूर्ण होते. त्या गेमची गोष्टच पाताळातून पळण्याची आणि पुन्हापुन्हा मरून घरी परतण्याची आहे, त्यामुळे ही मदत कथानकात विरघळून जाते. खेळाडूला कोणतीही टक्केवारी ठरवावी लागत नाही. आपल्याला किती मदत हवी आहे हे नवख्याला कळत नसते, आणि दहा पट्ट्यांसमोर उभे केले की तो गोंधळतो. ‘हेडीज’ने ते काम स्वतःकडे घेतले.

पलीकडच्या बाजूला ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची टीम चेरी आहे. ‘हॉलो नाइट’ 2017 मध्ये आला, त्याचा पुढचा भाग ‘सिल्कसाँग’ 4 सप्टेंबर 2025 रोजी. दोन्हींत अवघडपणाची पट्टी नाही. ‘सिल्कसाँग’ आल्यावर थोड्याच दिवसांत संगणकावरच्या खेळाडूंनी इजा कमी करणारे मॉड, म्हणजे गेममधले अनधिकृत बदल, स्वतः करून वाटले, आणि स्टुडिओनेही पहिल्या दुरुस्तीत सुरुवातीचे दोन बॉस थोडे सौम्य केले. या वादात मी स्टुडिओला गुन्हेगार ठरवायला तयार नाही. कारण टीम चेरीने इंटरफेसच गेमच्या नियमांत विणला आहे, तसा फारच थोड्यांनी विणला असेल. ‘हॉलो नाइट’मध्ये नकाशावर आपण कुठे आहोत हे फुकट कळत नाही. त्यासाठी होकायंत्राचा एक ताईत विकत घ्यावा लागतो, आणि तो घातला की ताईत बसवायच्या मोजक्या खाचांपैकी एक अडते. वाट माहीत असावी की वार जोरात बसावा, यातले एक निवडा. इतर गेममध्ये जी मेनूतली एक खूण असते ती इथे जगण्याची किंमत झाली आहे. ‘सिल्कसाँग’मध्ये नायिका हॉर्नेट खाली वार करते तो तिरपा जातो. पहिल्या गेममधल्या सरळ खालच्या वाराची सवय असलेल्या हातांना तो फार छळतो. पण ‘वाँडरर’ नावाचे क्रेस्ट, म्हणजे लढण्याची शैली बदलणारे चिन्ह, शोधून काढले की वार सरळ खाली जातो. नियंत्रणाची शैली बदलणे हेच त्या जगात सापडणारे बक्षीस आहे.

‘कपहेड’चेही असेच एक दडवणे आहे. बॉसच्या डोक्यावर आयुष्याची पट्टी नसते. मेल्यानंतर मात्र एक रेघ दिसते आणि आपण कुठवर पोहोचलो होतो ते कळते. जिंकायला अगदी थोडे उरले होते हे पाहून माणूस पुन्हा बटण दाबतो. लढताना ती पट्टी दाखवायची सोय दिली असती तर हा डाव फसला असता, आणि ती न देण्याचा मोल्डनहॉअर बंधूंना पूर्ण हक्क आहे. होकायंत्राचा ताईत, दडवलेली पट्टी ही रचना आहे. अक्षरांचा आकार, रंगांतला फरक, दाबून धरायचे बटण ही रचना नव्हे. अवघड गेम करणारे काही जण पहिल्याच्या नावाखाली दुसरे नाकारतात, आणि माझा विरोध तेवढ्याला आहे.

पडद्याकडे वळल्यावर पहिला विषय येतो थरथराटाचा. नेदरलँड्सच्या व्लाम्बीर या दोघांच्या स्टुडिओने गोळी सुटली की अख्खा पडदा हादरवण्याची कला इतकी गाजवली की त्या दोघांपैकी यान विलेम नायमन यांचे 2013 मधले त्यावरचे व्याख्यान छोट्या गेमकर्त्यांच्या पिढीने पाठ केले. पडदा हादरला की वाराला वजन येते, हे खरे. काहींना त्याच हादऱ्याने मळमळते, हेही खरे. म्हणून आज बहुतेक चांगल्या इंडी ॲक्शन गेममध्ये हादऱ्याची पट्टी असते. चकाकीची गोष्ट याहून गंभीर आहे. डिसेंबर 1997 मध्ये जपानात ‘पोकेमॉन’च्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. संकेतस्थळांसाठीच्या मानकांत सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नको असा नियम आहे. ‘सेलेस्ट’ पहिल्यांदा उघडताच याबद्दल विचारतो आणि चकाकी कमी करण्याची सोय समोर ठेवतो. विचारण्याची योग्य वेळ तीच, कारण झटका आल्यावर मेनू शोधायला सांगण्यात अर्थ नाही.

रंगांबद्दल थोडक्यात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण 12 मध्ये एकाला लाल-हिरव्यात गल्लत होते. शत्रू लाल आणि औषध हिरवे, एवढ्यावरच विसंबलेला गेम त्यांना अन्यायाने मारतो. पूर्ण पडद्यावर एक गाळणी चढवण्यापेक्षा शत्रू, गोळ्या आणि वस्तू यांचे रंग वेगवेगळे निवडू देणे केव्हाही चांगले. ‘अल्ट्राकिल’ हा फिनलंडच्या एका तरुणाने सुरू केलेला, 2020 पासून अपूर्ण स्थितीतच विकला जाणारा वेगवान नेमबाजीचा गेम. त्याच्या सेटिंग्जमध्ये आयुष्य, दम, इशारे यांचे रंग वेगवेगळे लावता येतात आणि गेमचा वेगही कमी करता येतो.

या बाबतीत सगळ्यात भरघोस काम झाले ते ‘डेड सेल्स’मध्ये. फ्रान्समधल्या बोर्दोच्या मोशन ट्विनचा हा गेम 2018 मध्ये पूर्ण झाला आणि पुढची काही वर्षे एव्हिल एम्पायर या भावंड-स्टुडिओने तो वाढवला. 2022 मध्ये त्यांनी एक संपूर्ण अपडेट फक्त या कामासाठी काढले, एबलगेमर्स या अमेरिकी संस्थेचा सल्ला घेऊन. अक्षरांचा आकार, माहितीच्या पट्ट्यांचा आकार आणि पारदर्शकता, नायक व शत्रूंभोवतीच्या कडांचा रंग, जवळच्या शत्रूवर आपोआप होणारा वार, वार परतवायची वाढवलेली वेळ, मंद सापळे, आणि मेल्यावर अगदी पहिल्यापासून सुरू न करता त्याच टप्प्यावर परतण्याची मुभा. शेवटची सोय धाडसाची होती. मेलात की सगळे गेले, हाच तर त्या गेमचा पाया. तरी त्यांनी तो खेळाडूच्या हाती दिला, आणि ज्यांना जुना गेम हवा होता त्यांचा जुना गेम होता तसाच राहिला. चार वर्षे विकल्या गेलेल्या गेममध्ये हे सगळे उशिरा घालता येते, हा त्यातला सर्वांत उत्साहवर्धक भाग. फक्त उशिरा घालायला खर्च जास्त येतो, आणि तो झेपेल इतके यश फार थोड्या इंडी गेमना मिळते.

अक्षरांच्या आकाराचा विषय मराठी वाचकाने विशेष आस्थेने पाहावा. इंडी ॲक्शन गेमना ठिपक्याठिपक्यांच्या जुन्या धाटणीच्या अक्षरांचे वेड आहे. रोमन अक्षर आठ ठिपक्यांच्या उंचीत मावते. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय मधे जोडाक्षर, हे सगळे त्या उंचीत वाचनीय ठेवणे जवळजवळ अशक्य. लिपी बदलायची तर ओळींमधले अंतर, चौकटींची उंची, बटणांची रुंदी सगळे लवचीक लागते. जो गेम अक्षरे मोठी करू देतो तो नकळत दुसऱ्या लिपीसाठीही जागा करून ठेवतो. त्याच्या पुढे अक्षरजुळणीचा अडसर येतो. युनिटीत मजकूर दाखवायचे टेक्स्टमेशप्रो हे साधन बराच काळ देवनागरीची जुळणी स्वतःहून करत नसे. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसे, जोडाक्षरे हलन्तांसह सुटी पडत. मार्च 2023 मध्ये आलेल्या गोडॉ 4 मध्ये हार्फबझ ही जुळणीची यंत्रणा आतच बसवलेली आहे आणि तिथे देवनागरी नीट उमटते. आज गेम सुरू करणाऱ्या मराठी मुलामुलींनी इंजिन निवडताना हे तपासून घ्यावे.

पुण्यात असे गेम करणारे लोक आहेत. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ 2020 मध्ये आधी स्विचवर आणि मग इतर यंत्रांवर आला. राजस्थानी वास्तू, असुर, आणि भावाला शोधत निघालेली एक मुलगी. 2022 च्या सुधारित आवृत्तीत त्याला हिंदी आवाज मिळाले. भारतीय भाषेतून बोलणारा ॲक्शन गेम पुण्यातल्या छोट्या चमूने करून जगभर विकला, याचा मला अभिमान आहे. मराठीसाठी वाट तितकीच मोकळी आहे, आणि ती आवाजाच्या आधी मेनूपासून सुरू करता येईल. मेनूतले शब्द शंभर-दोनशे असतात. ते मराठीत नीट बसवून पाहिले की बाकीच्या अडचणी लवकर समजतात.

खेळाडूच्या हातीही आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. संगणकावर स्टीम या गेमच्या दुकानातल्या ‘स्टीम इनपुट’च्या मदतीने, गेमने सोय दिली नसली तरी कंट्रोलरचे बटण बदलता येते, दाबून धरायचे बटण एकदाच दाबायचे करता येते, आणि दुसऱ्या खेळाडूंनी केलेल्या मांडण्या उतरवून घेता येतात. 2025 पासून स्टीमवर गेमच्या पानावर अशा सोयींच्या खुणाही दिसू लागल्या आहेत. पण त्या खुणा गेम करणाऱ्यांनीच भरलेल्या असतात आणि ‘आहे’ एवढेच सांगतात, किती खोल आहे ते सांगत नाहीत. स्टीमवर विकत घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर पैसे परत मिळतात. त्या दोन तासांतली पहिली दहा मिनिटे सेटिंग्जमध्ये घालवावीत. डॅश ट्रिगरवर न्यावा, मग सरावाच्या टप्प्यावर जाऊन पडद्यावरची सूचना नवे बटण दाखवते की जुनेच, ते पाहावे. अक्षरे सगळ्यात मोठी करून संवादाची चौकट फुटते का ते पाहावे. हादरा शून्यावर आणावा. इन्स्क्रिप्ट चालू ठेवून चालून पाहावे. आणि जे जमले नाही ते स्टुडिओला लिहून कळवावे. तीन माणसांच्या स्टुडिओत ते पत्र बहुतेक वेळा प्रोग्रॅम लिहिणाराच वाचतो.